हंसातला एकसष्ट नंबरचा तारा: खान्देशातून कोणाला दिसला का?

केळीबागेतून | १४ ऑक्टोबर, रात्री ११:४०

राम राम मंडळी.

या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट आहे. लाईट यायच्या दीड-दोन तास आधीच मी मळ्यात जाऊन बसतो, कारण तिच्या वेळेचा काही भरवसा नाही. मळा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. दक्षिणेला भुसावळ-दीपनगरचा उजेड आकाशात चढलेला असतो, पण उत्तरेला डोंगर आहे, त्यामुळे डोक्यावरचं आणि उत्तरेचं आकाश अजून शिल्लक आहे म्हणायचं.

तर आज तिसऱ्या रात्री मला हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी दिसला. नुसत्या डोळ्यांनी. दिसला म्हणजे काय, रोखून बघितलं की विरघळतो, जरा बाजूला नजर ठेवली की परत येतो, इतपतच. पण आहे हे नक्की. तीनदा डोळे मिटून पुन्हा शोधला आणि तिन्हीदा त्याच जागी सापडला.

ज्यांना शोधायचाय त्यांच्यासाठी: रात्री आठच्या सुमारास बाजेवर उत्तरेकडे पाय करून आडवं व्हा. (डोकं उत्तरेला करू नये असं आजी सांगायची, इथे ते आपोआप पाळलं जातं.) पश्चिमेकडे सगळ्यांत झगझगीत दिसतो तो अभिजित. डोक्यावरून दक्षिणेकडे झुकलेला श्रवण. आणि उत्तरेकडे थोडा उतरलेला तिसरा तो डेनेब, म्हणजे हंसाची शेपटी. शेपटीपासून पहिला ठळक तारा हंसाच्या छातीवरचा. छातीपासून, अभिजितच्या विरुद्ध बाजूच्या पंखात, पुढचा ठळक तारा. हे तीन झाले. आता शाळेतला समांतरभुज चौकोन आठवा आणि चौथा कोपरा स्वतः पूर्ण करा. त्या कोपऱ्यावरच आपला गडी बसलाय. त्याच्या पूर्वेला, हात लांब करून करंगळीच्या दोनेक रुंदीवर, दोन जरा ठळक तारे आहेत. मी पहिले दोन दिवस त्यांनाच ६१ समजत होतो.

हा एक तारा नाही, दोन आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. डोळ्याला दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो, प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तसा तारा मंद) सुमारे ४.८. आपल्यापासून अंतर ११.४ प्रकाशवर्षं. आणि सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचं अंतर माणसाने पहिल्यांदा खात्रीने मोजून छापलं, १८३८ साली, ते याच ताऱ्याचं. इतका महत्त्वाचा तारा आणि गावात कोणाला त्याचं नावही माहीत नाही, म्हणून म्हटलं धागा काढू.

कोणी बघितलाय का? आणि दुर्बिणीतून दोन वेगळे दिसले का?

शंकासुर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

एवढा मंद ठिपका बघून काय मिळालं दादा? गुरू बघा, शनीची कडी बघा. हे म्हणजे वांग्याचं भरीत सोडून देठ चघळण्यासारखं.

केळीबागेतून | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:३२

देठासकट भरीत करतात आमच्याकडे.

धुळेकर_अण्णा | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

काल गच्चीवरून प्रयत्न केला. अभिजित, श्रवण, डेनेब व्यवस्थित. छातीवरचा ताराही दिसला. चौथा कोपरा म्हणाल तर तिथे नुसता करडा उजेड. आमच्या गल्लीत पांढरे एलईडी लागल्यापासून रात्री पेपर वाचता येतो, तारे मात्र बोटांवर मोजण्याइतके उरलेत. लहानपणी याच गच्चीवरून आकाशगंगा दाखवलेली आठवते वडिलांनी.

भो, मन्हा आजला तर चांदण्या दखीसन सांगे, कितला वाजनात ते. आम्ही मोबाईल दखीसन सांगतस.

तापीकाठची | १५ ऑक्टोबर, दुपारी २:२०

मस्त धागा. मी भुसावळला शाळेत विज्ञान शिकवते. प्रश्न आहे, आणि मुलंही हाच विचारतात: "६१" म्हणजे काय? एकसष्टावा ठळक तारा का?

केळीबागेतून | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

ताई, ठळकपणाशी त्या आकड्याचा संबंध नाही. फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाच्या यादीवरून एकेका तारकासमूहातल्या ताऱ्यांना पश्चिमेकडून पूर्वेकडे क्रमांक पडले. त्या रांगेत हा एकसष्टावा. सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा. गट नंबरावरून जमीन काळी की मुरमाड हे कळत नाही, तसंच.

अक्कलकुवा_एक्सप्रेस | १५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

आमच्याकडे या. नंदुरबारच्या या टोकाला, डोंगरात शिरलं की तीन रात्री नाही, एकाच मिनिटात दिसतो. आत्ता बघून आलो. उलट तारे इतके जास्त दिसतात की चौकोनाचा कोपरा नक्की कोणता यातच गोंधळ होतो! तोरणमाळला वर जाल तर विचारूच नका.

पाटणादेवी_प्रेमी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:००

एक गोष्ट सगळे विसरताहेत. खान्देश म्हणजे भास्कराचार्यांची भूमी. चाळीसगावजवळ पाटणादेवीला शिलालेख आहे. चांगदेवांनी तिथे मठ स्थापन केला होता, तेच चांगदेव ज्यांचं तापी-पूर्णेच्या संगमावर मंदिर आहे. ज्या भूमीत बाराव्या शतकात सिद्धान्तशिरोमणी अभ्यासला जात होता तिथल्या लोकांना हा तारा माहीत नसेल हे शक्यच नाही. युरोपने १८३८ ला शोधलं ते आपल्याकडे कधीच माहीत होतं.

तापीकाठची | १६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

दोन चांगदेव एक करू नका हो दादा! संगमावरचे चांगदेव महाराज म्हणजे ज्ञानेश्वरांच्या कथेतले योगी, वाघावर बसून आलेले. पाटणचा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७. एकोणिसाव्या शतकात तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आमच्या शाळेची सहल तिकडे गेली की मी मुलांना त्याच्या शेवटच्या ओळींबद्दल आवर्जून सांगते. वरचा भाग संस्कृत, पण शेवट तेव्हाच्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. गणिताची शाळा बाजारपट्टीवर चालायची, ही गोष्ट मला वाघापेक्षा भारी वाटते.

केळीबागेतून | १६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

पाटणादेवी दादा, भास्कराचार्यांबद्दल आदर तुमच्याइतकाच आहे. शके १०३६ चा जन्म आणि छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी, एवढं पुरेसं आहे, वरून आणखी काही चिकटवायची गरज नाही. त्या पद्धतीत नक्षत्रांचे योगतारे, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचा मुख्य तारा, ठरलेले आणि त्यांच्या जागा दिलेल्या. हा तारा कुठल्या नक्षत्राचा योगतारा नाही. आणि अंतर मोजायचं तर विकलेहूनही बारीक कोन मोजणारं यंत्र लागतं (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), ते भिंगांशिवाय होत नाही.

पण तुमच्यामुळे एक हिशोब करावासा वाटला आणि तो झकास निघाला. हा तारा आकाशात जागा बदलतो, वर्षाला साधारण ५.२ विकला. शिलालेखाला आठशे वीस वर्षं धरा. तेवढ्यात तो १.२ अंश सरकला. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश रुंद असतो. म्हणजे चांगदेवाने मठाच्या अंगणातून हा ठिपका बघितला असेल, नसेल, पण बघितला असता तर आजच्या जागेपासून दोन चंद्र आणि वर थोडं, नैर्ऋत्येला दिसला असता. बाकीचा हंस होता तसाच. चौकोनाचा कोपरा तेव्हा रिकामा होता!

पाटणादेवी_प्रेमी | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

चांगदेवांची चूक मान्य. ताई, धन्यवाद. आणि हे दोन चंद्रांचं आवडलं.

मार्केटयार्ड | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मी रोज वाचतोय, आज लॉगिन केलं. मी आडतीच्या दुकानात हिशोब लिहितो, खगोलातलं शून्य कळतं. एक सांगा, इतके ठळक तारे असताना त्या मोजणाऱ्याने हाच मरतुकडा तारा का धरला? जवळचा दिवा मोठा दिसतो, लांबचा बारीक. मग मोठा धरायचा ना?

केळीबागेतून | १७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मार्केटयार्ड भाऊ, सगळ्या धाग्याचा कांदा तुम्ही सोललात. पूर्वी पुष्कळांचा हाच हिशोब होता: ठळक तो जवळचा. पण सगळे दिवे सारख्याच वॅटचे असतील तर हे खरं. ते नसतात. डेनेब बघा, हजार प्रकाशवर्षांहून लांब, तरी पहिल्या प्रतीचा, कारण तो राक्षस आहे. आणि आपला ६१, ज्यात दोन-दोन तारे आहेत, त्या दोघांचा उजेड मिळून सूर्याच्या पावपटीलाही धड पोचत नाही. झिरोचे दोन बल्ब. पण दारातच लागलेत.

ते दारात आहेत हे उजेडावरून कळलं नाही, चालीवरून कळलं. पालेर्मोचा पियात्सी, ज्याने १८०१ ला सेरेस हा लघुग्रह शोधला, त्याने जुन्या नोंदी आणि स्वतःची मापं ताडून बघितली, आणि १८०४ च्या सुमाराला सांगितलं की हा तारा भराभर जागा सोडतोय. तेव्हा माहीत असलेल्या ताऱ्यांत सगळ्यांत जोरात. 'उडता तारा' असंच नाव पडलं त्याला. आता रस्त्याने जाणारी मोटरसायकल अंगावरून सर्रकन जाते आणि तीच गाडी लांब हायवेवर असली की मुंगीसारखी सरकते. त्यामुळे जो भराभर सरकतो तो बहुधा जवळचा. जर्मनीच्या बेसेलने ही खूण धरली आणि झगझगीत तारे सोडून या मरतुकड्याच्या मागे लागला.

तुमच्यासाठी खास: हा बेसेल कॉलेजात शिकलेला नव्हता. चौदा-पंधराव्या वर्षी ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत उमेदवारीला लागला. पेढीचा माल जहाजांनी जायचा, म्हणून जहाजाची जागा कशी काढतात ते बघायला लागला, त्यातून ताऱ्यांकडे वळला. दिवसा वही, रात्री गणित. १८०४ ला त्याने जुन्या मापांवरून हॅलेच्या धूमकेतूची कक्षा काढून ओल्बर्स या ब्रेमेनच्या ज्योतिर्विदाला दाखवली आणि तिथून त्याचा पेढीचा रस्ता सुटला.

मार्केटयार्ड | १८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

म्हणजे दिवाणजीच की!! आते मातर दखनंच पडी.

शंकासुर | १८ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

ठीक आहे, रस वाढतोय असं समजा. पण अंतर मोजलं कसं? टेप तर लावला नसेल. आणि दोन तारे खरंच जोडीचे आहेत की एकामागे एक आलेत हे कशावरून?

निवृत्त_गार्ड | १८ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५५

पहिल्याचं उत्तर मी देतो, नोकरी भुसावळ डिव्हिजनमध्ये गेली. गार्डाच्या डब्यातून बघायचो, रुळालगतचे खांब सटासट मागे पळायचे, शेतातली झाडं सावकाश, आणि सातपुडा गाडीबरोबर चालत असल्यासारखा. कोण किती मागे पळतं यावरून कोण किती लांब हे कळतं. बेसेलनेही हेच केलं असणार.

तापीकाठची | १८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

काकांचं बरोबर. पण गाडी एकाच दिशेने जाते, पृथ्वी मात्र फिरून परत येते, त्यामुळे मी वर्गात आखाजीचा झोका सांगते. मुली निंबाच्या झोक्यावर बसल्यात. समोर हाताच्या अंतरावर एक फांदी, तिच्यामागे लांब डोंगर. झोका एका बाजूला गेला की फांदी डोंगरावर दुसऱ्या बाजूला सरकते, झोका परतला की फांदीही परतते. पृथ्वीचा झोका सहा महिन्यांचा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ३० कोटी किलोमीटर. जवळचा तारा मागच्या मंद ताऱ्यांवर तेवढ्यात इकडून तिकडे डुलतो. किती डुलला ते मोजा आणि झोक्याची रुंदी माहीत आहेच, बाकी त्रिकोणमिती.

आठवीच्या मुलींना झोका म्हटल्यावर एका मिनिटात कळतं. पुस्तकातली आकृती काढली तर जांभया.

केळीबागेतून | १८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

झोका चोरला ताई, पुढच्या वेळी माझा म्हणून सांगणार.

फक्त हे डुलणं केवढं ते सांगतो, म्हणजे बेसेलबद्दल आदर वाटेल. डुलण्याचा कोन, मधल्या जागेपासून एका बाजूला, ०.२८६ विकला. भुसावळच्या फलाटावर साडेतीन सेंटिमीटरचं लिंबू ठेवा आणि जळगावातून बघा. ते लिंबू जेवढं दिसेल, तेवढा. आणि हे मोजायला त्याच्याकडे फोटो नाही, कॅमेरा नाही, फक्त डोळा. यंत्र होतं फ्राउनहोफरच्या कारखान्यातलं, हेलिओमीटर. त्याचं भिंग मधोमध कापून दोन अर्ध्या केलेल्या. प्रत्येक अर्धी आपली आपली प्रतिमा दाखवते. स्क्रू फिरवून एक अर्धी सरकवत न्यायची, एका प्रतिमेतला ६१ दुसऱ्या प्रतिमेतल्या शेजारच्या ताऱ्यावर येऊन बसेपर्यंत, आणि स्क्रूचा आकडा वाचायचा. इतकं नितळ भिंग कापायला काय काळीज लागलं असेल! फ्राउनहोफर १८२६ लाच गेला, हे यंत्र वेधाला लागलेलं त्याने पाहिलं नाही.

१८३७ च्या ऑगस्टपासून वर्षभराहून जास्त बेसेल क्योनिग्सबर्गच्या थंडीत हे करत बसला. उत्तर आलं ०.३१४ विकला, म्हणजे दहाएक प्रकाशवर्षं. आजच्या मापाशी साधारण दहा टक्क्यांचा फरक. स्ट्रूव्हने अभिजितवर आणि हेंडरसनने दक्षिण आफ्रिकेतून नरतुरंगातल्या ठळक ताऱ्यावर असंच काम केलं होतं. हेंडरसनची मापं तर १८३२-३३ ची, आधीची. पण छापायला त्याने १८३९ उजाडवलं. माल आधी तयार, बाजारात उशिरा. मार्केटयार्डवाल्यांना सांगायला नको.

शंकासुरांचा दुसरा प्रश्न: एकामागे एक असते तर दोघांचं डुलणं वेगळं असतं आणि चालही वेगळी असती. हे दोघे वर्षाला पाच विकलांची धाव बरोबरीने धावतात. शिवाय एकमेकांभोवती फिरतानाही दिसतात. ब्रॅडलीने १७५३ ला जोडी म्हणून नोंदवलं तेव्हापासून नोंदी आहेत. एक फेरी साडेसहाशे ते सातशे वर्षांची, म्हणजे अजून निम्मीही बघून झालेली नाही. बेसेलच्या काळी दोघे आजच्या निम्म्या अंतरावर दिसायचे. आज साधारण ३१-३२ विकला. आपलं नशीब चांगलं, साध्या दुर्बिणीत सुटतात.

शंकासुर | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मान्य. आयडी बदलावा लागणार असं दिसतंय.

बिबडी | १९ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

दिवाळीच्या फराळातून डोकं वर काढून विचारते. आपली अरुंधती-वसिष्ठाची जोडी पण अशीच ना? ती तर नुसत्या डोळ्यांनी दोन दिसते. मग ही का नाही?

तापीकाठची | १९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

त्या दोघांत आपल्याला दिसणारं अंतर जवळजवळ १२ कला (एक कला म्हणजे ६० विकला), म्हणजे ७०० विकला. इथे जेमतेम तीस. नजर कितीही तेज असली तरी तीस विकला डोळ्याला सुटत नाहीत. सध्या संध्याकाळी सप्तर्षी उत्तर क्षितिजाला टेकलेले आहेत, सप्तर्षींचं बाजलं उभं राहिलेलं बघायचं तर एप्रिल-मेमध्ये, लग्नसराईतच. आमच्या लग्नात भटजींनी भर दुपारी मंडपाच्या कापडाकडे बोट करून अरुंधती दाखवली होती. मी "दिसली" म्हटलं.

डोळ्यांची परीक्षा घ्यायची असेल तर अभिजितच्या अगदी जवळ एक मंद तारा आहे, एप्सिलॉन लायरी. साडेतीन कलांवर दोन तारे. तेज नजरेच्या पोरांना दोन दिसतात, आम्हाला लांबट एक. आणि मोठ्या दुर्बिणीत त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा दोन!

अक्कलकुवा_एक्सप्रेस | २२ ऑक्टोबर, रात्री १०:००

दुर्बिणीचा किस्सा ऐका. दिवाळीच्या बोनसमधून दहा बाय पन्नास घेतली, एका दुकानातून, नाव नको. घरी येऊन वर लावली तर ६१ दोन दिसला. नाचलोच. मग डेनेबकडे वळवली, तोही दोन. अभिजित दोन. समोरच्या टॉवरचा लाल दिवा दोन. दोन्ही नळ्या एका रेषेतच नाहीत. माझ्याकडे सध्या आकाशातला प्रत्येक तारा जोडतारा आहे. एक डोळा झाकून बघतो आता.

निवृत्त_गार्ड | २३ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

हा हा हा. बदलून घ्या, बिल असेल तर.

मार्केटयार्ड | २३ ऑक्टोबर, दुपारी ३:००

पाडव्याला वहीपूजन झालं आणि रात्री सासुरवाडीच्या मळ्यातून बघितला. मला वाटतं दिसला. मेव्हणा म्हणतो तुम्ही विमान बघितलं. विमान एका जागी थांबत नाही, बरोबर ना?

केळीबागेतून | २३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

बरोबर. मेव्हण्याला सोडून द्या.

आता माझं घरचं एक सांगतो. लेक अकरा वर्षांची. रात्री बांधावर तीही येते, तिची नजर माझ्यापेक्षा तेज. तिने विचारलं, "पप्पा, हा उजेड कधीचा?" मी ११.४ वर्षं म्हटलं. तिने तोंडी हिशोब केला आणि म्हणाली, "म्हणजे मी झाले तेव्हाचा?" खरंच की. मला सुचलं नव्हतं. नीट मांडलं: अकरा वर्षं आणि साधारण १४८ दिवस. तिचा जन्म ३ जूनचा, मृगाच्या चार दिवस आधीचा. तो उजेड इथे पोचणार २९ ऑक्टोबरला. दोन-चार दिवस इकडेतिकडे. आता घरात २९ तारखेची तयारी चालू आहे, भरीत, कळण्याची भाकरी आणि तारा. धुळेकर अण्णांकडून दुर्बीण मागून आणलीय, तिच्या नळ्या सरळ आहेत.

धुळेकर_अण्णा | २३ ऑक्टोबर, रात्री १०:४५

पोरीला सांगा, दुर्बीण तिच्याकडेच राहू द्या दिवाळी सुट्टीभर. माझ्या गच्चीवर ती भांड्यासारखी नुसती घासूनपुसून ठेवलेली होती.

बिबडी | २९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

दादा, काय झालं? दिसला का? आमच्याकडे तर गच्च ढग.

केळीबागेतून | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:००

ढग आमच्याकडेही. नुसते ढग असते तर चाललं असतं, पाऊस झाला. वेचणीला आलेला शेजाऱ्यांचा कापूस झाडावरच भिजला, बोंडं काळी पडताहेत. त्यांच्याकडे जाऊन बसलो रात्री. लेक खिडकीतून दोनदा बघून झोपली. भरीत केलं होतं, पण चव नव्हती.

निवृत्त_गार्ड | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:४०

इकडेही सगळ्यांची तीच गत. कापूस वाळवायला घरात जागा नाही कोणाच्या. तारा कुठे जात नाही.

शंकासुर | ३० ऑक्टोबर, सकाळी ९:१०

जातो ना काका, वर्षाला ५.२ विकला.

(माफ करा, राहवलं नाही. कापसाचं वाईट वाटलं.)

तापीकाठची | २ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

पोर्णिमा ५ तारखेला आहे, तोवर चंद्र आड येणार. ८-९ पासून संध्याकाळचे पहिले तास अंधाराचे मिळतील. पण आता तारा लवकर कलतो, अंधार पडल्या पडल्या बघा, उत्तर-पश्चिमेला.

शाळेतली एक गंमत: मुलांनी विचारलं तिथे ग्रह आहेत का. १९४२ ला स्ट्रँड नावाच्या ज्योतिर्विदाने या जोडीच्या चालीतल्या हेलकाव्यावरून सांगितलं होतं की तिथे न दिसणारा तिसरा सोबती आहे, गुरूच्या कित्येक पट जड. पुढे मापं सुधारली आणि तो सोबती नाहीसा झाला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग तो गेला कुठे?" अर्धा तास त्यातच गेला.

केळीबागेतून | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दिसले. दोन्ही.

सातला अंधार झाला. बाज बांधावर नेली. दुर्बीण हातात धरली की तारे नाचतात, म्हणून केळीला लावायचा बांबूचा टेकू बाजेच्या गातीला उभा बांधला आणि त्याच्या बेचक्यात दुर्बीण टेकवली. तरी थोडी हलत होती. श्वास रोखला की थांबायची. पहिलं लेकीनेच बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं सापडत नाहीये. मग म्हणाली, "एक जरा मोठा आहे, एक बारका. दोघं पिवळे... नाही, नारिंगी." मी तिला रंगाचं काही सांगितलं नव्हतं. दोघेही सूर्यापेक्षा थंड, नारिंगी जातीचे आहेत, हे मला वाचून माहीत होतं. तिने बघून सांगितलं.

माझ्या डोळ्यांना रंग दिसला नाही, दोन दिसले. चिकटून, पण मधे काळी फट स्पष्ट. त्या फटीत काय मावतं सांगू? सूर्य आणि पृथ्वीमधलं अंतर एक मीटर धरलं तर ते दोघे एकमेकांपासून सरासरी ८०-८५ मीटरवर, आणि आपण त्यांच्यापासून ७२१ किलोमीटरवर. जळगावहून जयपूरच्याही पुढे दोन दिवे, ८५ मीटरवर एकमेकांपासून, आणि ते केळीच्या टेकूवरून वेगळे दिसले.

परत येताना तिने बोटं मोजली. २९ तारखेचा उजेड तर ढगांवर पडून गेला, मग आजचा कुठल्या दिवसाचा? १४८ दिवस मागे गेलो तर आला १४ जून. तिच्या बारशाचा दिवस.

"बारशाला पाऊस होता का?" तिने विचारलं. नव्हता. त्या वर्षी मृग कोरडा गेला होता, पाळणा अंगणातच बांधला होता, आणि आलेले पाहुणे पाळण्यात कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होते.

बिबडी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नाव काय ठेवलं हे विचारत नाही. घुगऱ्या मात्र आम्हाला उधार आहेत.

धुळेकर_अण्णा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

दुर्बीण परत आणू नका. येत्या शनिवारी मीच येतो मळ्यावर. बाज दोन लावा.